सुपारीचा लॅपटॉप

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की मी एकच विचारते, काम काय करायचंय? किंमत नंतर, रंग त्याच्याही नंतर. लोकांना त्याचाच राग येतो. औरंगपुऱ्यातल्या मोबाइल-लॅपटॉपच्या दुकानात काउंटरला उभी राहून मला चौदा वर्षं झाली. माणूस आधी वस्तू पसंत करतो आणि मग तिच्यासाठी काम हुडकत बसतो, हे मी रोज बघते. मग आठ दिवसांनी येतो तणतणत, मॅडम, टॅबवर पोराचं टायपिंग होईना. अरे बाबा, तवाच घसा कोरडा करून सांगितलं होतं ना मी. मालक म्हणतात, अंबिकाबाई, जरा गोड बोलत जा. मी म्हणते, गोड पाहिजे त्यानं शेजारच्या हलवायाकडं जावं.

तर अशी ही शहाणी बाई, आणि घरच्या पोरीच्या वेळेला हिनंच माती खाल्ली. तुझी काय चूक, असं कुणी म्हणालं तर मला त्याचाही संताप येतो. चूक माझीच. कशी झाली ते सांगते.

अक्षदा माझी भाची, थोरल्या भावाची मुलगी. मुंजाबादादाची मेंढरं आहेत. गाव पिशोरजवळ, पण वर्षातले आठ महिने दादा आणि मंजुळावहिनी मेंढरांमागं रानोमाळ हिंडतात. पोरीच्या शिक्षणाचे हाल नकोत म्हणून बारावीनंतर तिला माझ्याकडं मुकुंदवाडीला ठेवली. माझा नवरा वारल्याला सहा वर्षं झाली, मूलबाळ नाय, घरात आम्ही दोघीच. तिनं जनावरांच्या डॉक्टरकीची पदविका केली. ती नववीत असताना एका साथीत दादाची चाळीस मेंढरं गेली होती आणि तालुक्याहून माणूस यायला तीन दिवस लागले होते. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच. पशुधन पर्यवेक्षकाची परीक्षा द्यायची आणि सरकारी दवाखान्यात लागायचं.

त्यातच कन्नडचं स्थळ आलं. आप्पासाहेब आमच्याच जातीतले, पण तीन पिढ्यांपासून जमीनवाले. मुलगा सत्यम वाळूजला एका कंपनीत, तिथले कंप्युटर आणि कॅमेरे सांभाळायला. बोलायला मऊ, वाकून पाया पडणारा, आवाज कधी चढवायचा नाय. दादाला तर आभाळ ठेंगणं झालं. दिवाळी झाल्यावर सुपारी फुटली.

आमच्यात आता नवी रीत पडलीय. सुपारी फुटली की मुलाकडचे मुलीला मोबाइल देतात. साडी-नारळ मागं राहिलं, आधी मोबाइल. कोणता दिला, केवढ्याचा दिला, यावर बाया दोन-दोन महिने बोलत बसतात. आणि तो मोबाइल मुलीनं परत करायचा नाय, बंद ठेवायचा नाय, दुसऱ्याला द्यायचा नाय. तसं केलं म्हणजे मुलीच्या मनात नाय, सोयरीक मोडली, असाच अर्थ धरतात. सत्यम म्हणाला, मोबाइल तर सगळेच देतात, आपण अक्षदालाच विचारू. लॅपटॉप, टॅब की मोबाइल, तिला कामाला येईल ते घेऊ, आणि घेऊ आत्यांच्याच दुकानातून. मला तर हा मुलगा तिथंच आवडला.

एका रविवारी चौघं दुकानात आले. आप्पासाहेब, सत्यम, दादा आणि अक्षदा. मी तिन्ही वस्तू काउंटरवर मांडल्या. म्हणाले, मोबाइल कायम हातात राहतो. फोन, मेसेज, फोटो, बसमध्ये दोन पानं वाचणं, एवढ्याला तो बास झाला. त्याच्यावर परीक्षेचा सराव करायचा म्हणाल तर डोळे जातील आणि अंगठाही जाईल. टॅब व्हिडिओ बघायला, पुस्तक वाचायला चांगला, पण टायपिंगला कीबोर्ड वेगळा घ्यावा लागतो आणि सरावाचं पान त्याच्यावर धड उघडत नाय. पोरीची परीक्षा कंप्युटरवर आहे, माउस हातात धरून. तिला सवय तशीच लागली पाहिजे. तवा लॅपटॉप.

आप्पासाहेब कुरकुरले. चारचौघांत दाखवायला मोबाइल बरा असतो म्हणाले. मी त्यांना तोंडावर विचारलं, चारचौघांना दाखवायचाय का पोरीला वापरायचाय? दादानं माझ्याकडं डोळे वटारले. सत्यम तेवढा हसला आणि म्हणाला, आत्यांचं बरोबर आहे, लॅपटॉपच घेऊ.

मी अशी खुशीत आले की विचारू नका. सगळ्यांना चहा सांगायला दारापर्यंत गेले. मागून सत्यमनं आवाज दिला. लॅपटॉप चालू करायला मेल आयडी आणि पासवर्ड लागतोय म्हणाला, सेटिंग मी करतो, तुम्ही बसा निवांत. आणि मी दारातूनच, भर दुकानात, मोठ्यानं सांगितला.

इथं एक गोष्ट कळायला पाहिजे. आमच्या अख्ख्या घराचा मेल आयडी एकच होता. मीच काढून दिलेला. दादाला माझा जुना मोबाइल दिला, वहिनीला एक घेऊन दिला, अक्षदाचा तिचा, माझा माझा. दर मोबाइलला खातं लागतं. चार खाती, चार पासवर्ड, कोण ध्यानात ठेवणार? दादा तर महिन्यातून एकदा विसरायचा आणि रानातून मला फोन करायचा. मग मी चौघांना एकच खातं टाकून दिलं आणि पासवर्डही सगळ्यांना पाठ होईल असा सोपा ठेवला. खेड्यातून येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांना मी असंच करून द्यायचे. चूल एक तर खातं एक, असा माझा हिशेब. त्यात काय वावगं आहे हे माझ्या टाळक्यात कधी आलंच नाय.

पहिला महिना नुसतं कौतुकात गेला. माझे गुडघे धरतात, म्हणून मी एकदा मोबाइलवर तेल कुठलं चांगलं ते शोधलं होतं. चौथ्या दिवशी सत्यमनं तेलाची बाटली पाठवली. आत्या दिवसभर उभ्या असतात, असा निरोप. ती बाटली मी दुकानभर मिरवली. दादाचं तर विचारूच नका. मेंढरं कोणत्या शिवारात गेली हे जावयाला न सांगता कळायचं. आज लांब गेलात बाबा, पाणी होतं का तिथं, असा संध्याकाळी फोन. दादा मला म्हणाला, “अंबे, पोटच्या पोरानं घ्यायची नाय येवढी काळजी घ्यायलंय लेकरू.” मला भरून आलं होतं ते ऐकून.

अक्षदा मात्र गप होत चालली. मी म्हणायचे, अभ्यासाचा ताण असेल. तिच्या वर्गातला राम नावाचा मुलगा तिला टिपणं पाठवायचा, ती यायची बंद झाली. का बंद झाली विचारलं तर म्हणाली, त्याला नको म्हणून सांगितलंय. कुणी सांगितलं, हे मी विचारलं नाय.

संक्रांतीला सत्यम घरी आला. मी बाजरीची भाकरी आणि खेंगटाची मिसळीची भाजी केली होती. जेवता जेवता तो अक्षदाला म्हणाला, लग्नानंतर नोकरीची काही गरज नाही, मग परीक्षेचा ताण आत्ताच कशाला घ्यायचा. ती म्हणाली, बरं. नाही देत मी. “शहाणी आहेस,” तो म्हणाला. मला धक्काच बसला, मी काही बोलणार तेवढ्यात तो माझ्याकडं वळला.

“आत्या, बाबांना जरा सांगा. परवा दुपारी दोन तास त्यांची मेंढरं वनखात्याच्या हद्दीत होती. गार्डला कळलं तर कळपच ताब्यात घेतात. मी कुणाला सांगणार नाही. घरातलंच आहे.”

माळ वाळला की मेंढरं जंगलाच्या कडेनं आत जातातच, आमच्याकडं सगळ्यांचीच जातात. पण ते कुणी तोंडानं बोलत नाय. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? काळजी असली की कळतं, म्हणाला, आणि तिळगुळाची वडी उचलून तोंडात टाकली. अक्षदा ताटाकडं बघत होती. तिनं भाकरीचा नुसता चुरा करून ठेवला होता. मला तो दिसला आणि मी भाकरी आणायला म्हणून आत गेले.

त्यानंतर दोन दिवसांनी मी बघितलं, पोरीनं लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर टिकली चिकटवली होती. बारीक, लाल. मी चेष्टा केली, काय गं, लॅपटॉपला सवाशीण केलं का? ती हसली नाय. संध्याकाळी त्याचा फोन आला. मी शेजारीच मेथी निवडत बसले होते, मला सगळं ऐकू येत होतं. लॅपटॉप उघडून चार तास झाले होते.

“टिकली काढ,” तो म्हणाला. “काचेला डिंक लागतो.”

एवढंच बोलला. तिनं नखानं टिकली काढली आणि ओढणीनं काच पुसली. तेव्हा पहिल्यांदा मला शंका आली. तरी मी मनाला समजावलं, बोलता बोलता हिनंच सांगितलं असेल. माणसाला नको ते बघायचं नसलं की लई कारणं सुचतात.

मग वैजापूरच्या गीताबाई दुकानात आल्या. त्यांचा मोबाइल एसटीत हरवला होता. रडकुंडीला आल्या होत्या, नातवाचे फोटो त्यात. मी त्यांना धीर दिला. म्हणाले, आपलं खातं कुठं कुठं चालू आहे याची यादी निघते, त्यात तुमचा मोबाइल शेवटी कुठं होता ते दिसेल. त्यांना उमगेना, म्हणून दाखवायला मी माझ्याच मोबाइलवर आमच्या घरच्या खात्याची यादी उघडली. हे बघा, म्हणाले, हा माझा, हा माझ्या भावाचा, हा वहिनीचा, हा भाचीचा, हा लॅपटॉप.

आणि त्याच्या खाली अजून दोन होते. एक मोबाइल, एक कंप्युटर. ठिकाण वाळूज. जोडल्याची तारीख तीच, मी चहा सांगायला दारात गेले होते त्या रविवारची.

दादा कुठं आहे, वहिनी कुठं आहे, मी बँकेत किती वेळ थांबले, पोरीनं काय वाचलं, कुणाला मेल केली, आम्ही चौघांनी काय काय शोधलं, सगळं त्या माणसाच्या खिशात होतं. लॅपटॉपच्या आत त्यानं आणखी काय भरलं होतं देव जाणे. कंपनीत तो दुसरं काय करत होता? हेच तर करत होता. गीताबाईंनी विचारलं, सापडला का हो? मी म्हणाले, व्हय, सापडला. त्यांना दुकानातल्या दुसऱ्या पोराकडं सोपवलं आणि मागं जाऊन तोंडावर पाणी मारलं.

घरी आल्यावर दोघींचे मोबाइल खाली ठेवले, टीव्ही मोठा केला आणि पोरीला गच्चीवर घेऊन गेले. सांगितलं तिला सगळं.

“मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, आत्या.”

मी तिच्यावर खवळले. मग तोंड शिवलं होतं का तुझं? ती म्हणाली, कुणाला सांगू? बाबांना? तेव्हा मला उमगलं की पोरीनं माझ्यापेक्षा पुढचा विचार केलाय. दादाची मेंढरं त्या वेळेला आप्पासाहेबांच्याच रानात बसत होती. पिकं निघाली की मेंढरं रातभर शेतात बसवायची, लेंडीखतानं जमीन सुधारते आणि त्याच्या बदल्यात मालक धनगराला धान्य देतो. आप्पासाहेबांचं रान, त्यांच्या भावकीचं रान, असं मिळून चैतापर्यंतची सोय होती. सोयरीक मोडली तर दुसऱ्या दिवशी कळप रस्त्यावर. आणि वर ते जंगलाचं. दादा कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठं होता, याचा पुरावा दादाच्याच कमरेला बांधलेला.

खाली मोबाइल वाजला, आणि वाजतच राहिला. ती पायऱ्यांकडं बघत घाईनं बोलली.

“मला फक्त पेपर देऊ दे, आत्या. मी नोकरीला लागले की मी स्वतः सांगीन, मला हे लग्न करायचं नाय. पगार असला की बाबांच्या मेंढरांचंही बघता येईल. तवर तू काही करू नको. पासवर्डला हात लावू नको, बदलला की त्यांना त्याच मिनिटाला कळतं. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून सांगते.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. त्या पोरीची सगळी जिंदगी त्या एका पेपरावर होती, आणि तो फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी होता.

मधले सतरा दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. घरात मोठ्यानं आम्ही लग्नाच्या साड्यांबद्दल बोलायचो आणि कामाचं पाटीवर खडूनं लिहायचो. अर्जाचा नंबर असलेली मेल अक्षदानं कधीच पुसून टाकली होती. हॉल तिकीट तिनं स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याच्या कंप्युटरवर नंबर आणि जन्मतारीख घालून काढलं, मेल उघडलीच नाय. केंद्र बीड बायपासचं एक कॉलेज. सत्यम रोज फोन करायचा, ती रोज गोड बोलायची. दादाला आम्ही कळू दिलं नाय, कारण त्यानं आनंदाच्या भरात पहिला फोन जावयालाच लावला असता.

मंगळवारी पहाटे तिनं आंघोळ केली, दह्यावर साखर घालून मी तिच्या हातावर दिली. मोबाइल घरीच ठेवला. हॉल तिकीट, आधार कार्ड, पेन, पाण्याची बाटली. पावणेसातला ती निघाली. गेट साडेआठला बंद होणार होतं, नऊला पेपर. कोपऱ्यावरून रिक्षा करते म्हणाली. वळून बघितलं नाय तिनं, आणि मला बरं वाटलं, कारण माझे डोळे भरले होते.

दुकानाला मी सुट्टी टाकली होती. लॅपटॉपवर शिवणकामाचा व्हिडिओ लावला आणि कॅमेऱ्याकडं पाठ करून, डोक्यावर पोरीची ओढणी घेऊन खाटेवर बसले. पाठमोरी बाई कापड शिवतेय, बघ म्हणावं काय बघायचं ते. माझं मलाच हसू येत होतं आणि दर मिनिटाला घड्याळाकडं नजर जात होती. आठ वाजले. सव्वाआठ. साडेआठला मी देवाला हात जोडले. गेट बंद, पोरगी आत. नऊचे ठोके पडले तेव्हा मी मोठ्यानं म्हणाले, कर म्हणावं आता काय करायचं ते.

आणि तिथं माझा स्वभाव आडवा आला. तीन महिने हा माणूस माझ्या घरात बसला होता. माझे गुडघे, माझ्या भावाचे पाय, पोरीचं कपाळ, सगळं बघत होता, आणि मी त्याला भाकरी वाढली. मनाशी म्हटलं, आता कशाला थांबायचं? पोरगी आत बसलीय, बाहेर आल्यावर बघू. मोबाइल घेतला, यादी उघडली, त्याचा मोबाइल काढला, त्याचा कंप्युटर काढला आणि पासवर्ड बदलला. लोकांचे शेकड्यांनी बदलून दिलेत, पण हा बदलताना दोनदा चुकले. आणि खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

दोन मिनिटांत फोन आला.

“आत्या, पासवर्ड बदललात का?”

व्हय, बदलला, म्हणाले मी. आणि मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. जावईबापू म्हणायचं राहिलं बाजूला, सरळ अरे-तुरेवर आले. लाज नाय वाटली का रे, लेकीबाळींवर पाळत ठेवतोस, म्हाताऱ्या माणसाच्या कमरेला दावं बांधतोस. पोरगी पेपरला बसलीय, आता तुझा बाप आला तरी तिला उठवता यायचं नाय. सुपारी परत घेऊन जा आणि तो लॅपटॉपचा डबाही घेऊन जा. मला वाटलं, हबकला असणार.

“झालं बोलून?” त्यानं विचारलं. आवाज रोजच्यासारखाच मऊ. “अर्ज भरला त्याच दिवशी मी नंबर लिहून ठेवला होता, आत्या. केंद्र मला तुमच्या आधी माहीत होतं. सात वाजल्यापासून गेटवर होतो मी. तिच्यावर हात नाही टाकला, आवाज नाही केला. बाबा आत्ता कुठं आहेत, एवढं फक्त मोबाइलवर दाखवलं. ती आपण होऊन गाडीत बसली.”

मी म्हणाले, खोटं आहे. त्यानं फोन दुसऱ्या हातात दिल्याचा आवाज आला. मग कुणी तरी नाक ओढलं आणि मी ते ओळखलं. लहानपणापासून ती रडू आवरताना तसंच करते.

“आत्या,” अक्षदा म्हणाली, “नवीन पासवर्ड काय ठेवलास? ते विचारायलेत.”

मी विचारलं, कुठं आहेस तू, गाडी कुठं आहे, उतर तू खाली, मी येते, रिक्षा करून येते. गाडीत गाणं लावलेलं होतं, ते कुणी तरी बारीक केलं.

“सांग ना आत्या. बाबा अजून जंगलातच आहेत. आप्पासाहेबांचा माणूस तिथं रस्त्यावर उभा आहे.”

मी सांगितला. एकेक अक्षर, एकेक आकडा. ती माझ्यामागं म्हणत गेली, शाळेत पाढे म्हणायची तशी, आणि तिच्यामागं बोटांची टकटक ऐकू येत होती. शेवटचा आकडा तिनं दोनदा विचारला. मी दोनदा सांगितला. समोरच्या लॅपटॉपवर शिवणकामाचा व्हिडिओ चालूच होता, त्याच्या कोपऱ्यात एक ओळ उमटली, तुमच्या खात्याला नवीन मोबाइल जोडला गेला आहे.

“थँक्यू, आत्या,” सत्यम म्हणाला. “आम्ही येतो तासाभरात. चहा ठेवा.”

पेपर सुरू होऊन अकरा मिनिटं झाली होती.